दिराचं चामडी जॅकेट की दुकानातलं जाळीचं?

साताऱ्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ३४, बँकेत नोकरी. मेढ्याच्या बाजूच्या शाखेत बदली झाल्यापासून ३५० सीसीच्या गाडीवर रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर. शिवाय महिन्या-दोन महिन्यांनी पाटण-कुंभार्ली घाटानं चिपळूणला माहेरी. शाखेतला एक सहकारी खडीवरून घसरून पडला. त्याचं सोललेलं कोपर पाहिल्यापासून आपणही जॅकेट घ्यायचं असं ताईंनी ठरवलं आणि तिथून घरात दोन तट पडले. दीर हौशी रायडर आहेत. त्यांनी स्वतःचं जुनं चामड्याचं जॅकेट देऊ केलं. त्यांचं म्हणणं, "वहिनी, रस्त्यावर चामडंच टिकतं, कापड वितळून अंगाला चिकटतं." सासूबाई माळकरी. चामड्याची वस्तू घरात नको, एवढंच त्या म्हणाल्या. ताईंनी दुकानात जाळीच्या कापडाचं जॅकेट पाहिलं. ते हलकं आणि बरं वाटलं, पण दिराचं बोलणं डोक्यातून जाईना. हाताशी २०,००० रुपये आहेत. ताई विचारतात, "सासूबाईंचं मन राखायला मी जिवाशी तडजोड करतेय का? आणि रोजच्या रस्त्यावर माझा वेग ५०-६० च्या वर जात नाही, मग जॅकेट फक्त चिपळूणच्या फेरीला घातलं तर चालेल ना?"

ताई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. पत्रात तो शेवटी, जाता जाता आलाय, पण मला काळजी वाटली ती त्याचीच.

५० च्या वेगात गाडी हातातून सुटली, तर माणूस कोरड्या डांबरावर साधारण १५ मीटर घासत जातो. म्हणजे एसटीच्या एका बसच्या लांबीहून जास्त. थांबेपर्यंत दोन सेकंद जातात. आपली नेहमीची जीन्स त्यातला जेमतेम पहिला सेकंद काढते, सलवारीचं कापड तेवढंही नाही. वेग ८० असेल तर हेच अंतर ३५ ते ४० मीटरवर जातं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. तेव्हा चिपळूणच्या रस्त्यावर धोका जास्त हे तुमचं बरोबर आहे. पण त्यावरून मेढ्याच्या रस्त्याला काही लागत नाही असं ठरत नाही. शिवाय घासणं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे आदळणं. सीटवरून कोपर नाहीतर गुडघा जमिनीवर येतो तो जवळपास त्याच उंचीवरून, मग वेग ३० असो की ९०. हाडाला स्पीडोमीटर दिसत नाही.

आणि महिन्यातले दिवस मोजा. २२-२३ दिवस मेढा, एखाद-दुसरा दिवस चिपळूण. रोजच्या रस्त्यावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल असतो, कुत्रं आडवं येतं, उसाची गाडी वळताना अंदाज चुकतो, आणि पाचनंतर तुम्ही दमलेल्या असता. जे जॅकेट रोज अंगावर चढणार नाही ते तुम्ही घेऊच नका, मग ते कितीही भारी असो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मला यातच दिसतं.

आता चामडं आणि कापड. तुमचे दीर खोटं बोलत नाहीत. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉनही त्याच आसपास. डांबरावर घासताना तेवढी उष्णता निर्माण होऊ शकते. चामडं वितळत नाही. ते झिजतं, करपतं, पण थर दर थर उभं राहतं. एक-सव्वा मिलिमीटर जाडीचं चांगलं गाईचं किंवा म्हशीचं चामडं घासण्याला जितकं पुरतं, तितकं त्याच किमतीचं कापड क्वचितच पुरतं. शर्यतीतले रायडर आजही एकसंध चामडी सूट घालतात ते हौस म्हणून नाही.

पण दीर ज्याला 'कापड' म्हणतात ते एकच कापड नसतं. जाळीचं स्वस्त पॉलिएस्टर वेगळं, कॉर्ड्युरासारखं जाड विणीचं नायलॉन वेगळं, आणि केव्हलारसारखा अ‍ॅरामिड धागा तर त्याहून वेगळा. अ‍ॅरामिड वितळतच नाही, ४५० अंशांच्या पुढे गेल्यावर त्याचं विघटन होतं. (हा धागा १९६५ मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंनी शोधला. तुम्हाला हे वाचून बरं वाटेल म्हणून सांगतो.) दुकानदार ६०० डी, १००० डी म्हणतात ते डेनिअर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. पण ६०० चं पॉलिएस्टर आणि ५०० चं कॉर्ड्युरा यांत नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कॉर्ड्युरा जास्त घासणं सोसतं.

वितळण्याचं मी स्वतः पाहिलंय. सात वर्षांपूर्वी आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे एका वळणावर बारीक वाळू पसरली होती. वेग चाळीसच्या आत असेल. पुढचं चाक गेलं आणि मी उजव्या अंगावर पडलो. अंगात कापडी जॅकेट होतं. घरी येऊन बाही उजेडात धरली तर कोपराशी तळहाताएवढा पट्टा चकाकत होता. बोट फिरवलं तर कडक, काचेसारखा गुळगुळीत. धागे वितळून एकमेकांना चिकटले होते. भोक मात्र पडलं नव्हतं, आत कातडीला ओरखडासुद्धा नव्हता. आणि तरीही माझा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता. कोपरावर असायला हवं ते दणका सोसणारं पॅड फिरून बाहीच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खळगीत जाऊन बसलं होतं. हाड थेट जमिनीवर आपटलं. जॅकेट एक साइज मोठं होतं, दुकानात माझ्या मापाचं संपलं होतं म्हणून घेतलेलं. आणि बाहीवरचा आवळायचा पट्टा मी उकडतंय म्हणून सैल सोडला होता.

त्या दिवसापासून जॅकेटबद्दल कुणी विचारलं की मी आधी माप विचारतो, मग कशाचं आहे ते.

म्हणून दिराच्या जॅकेटबद्दल मला पहिली शंका येते ती मापाची. पुरुषी बेताचं जॅकेट तुमच्या अंगावर खांद्यात उतरेल, कमरेत फुगेल आणि बाही लांब पडेल. चामड्याला पट्टे ओढून आकार देता येत नाही. पडल्यावर अख्खं जॅकेट वर सरकेल, कंबर उघडी पडेल आणि पॅड जिथे नको तिथे जातील. अंगाबरोबर न राहणारं एएए, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं चामडं आणि अंगाला बसलेलं साध्या ए दर्जाचं कापड यांत मी डोळे मिटून दुसरं घेईन.

दुसरी शंका वयाची. ते जॅकेट नुसतं हातात घेऊन पाहा. चेनीजवळची कड चिमटीत धरा: रायडिंगचं चामडं रुपयाच्या नाण्याच्या जाडीच्या जवळपास लागतं. कागदासारखं मऊ-पातळ लागलं तर ते फॅशनचं, रस्त्याचं नव्हे. कोपराशी घडी घालून दाबा, भेगा दिसल्या तर त्याचं तेल संपलंय. मग शिवण. कोल्हापुरात एका चप्पल शिवणाऱ्या कारागिरांकडे मी माझी चामडी पिशवी दुरुस्तीला नेली होती. त्यांनी चामड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवून ती ताणली आणि टाक्यांमधून उजेड दिसतो का ते पाहिलं. चामडं सहसा फाटत नाही, शिवण उसवते, म्हणाले. खांदा आणि बाहीच्या जोडाला हेच करून पाहा. एकेरी, वरवर दिसणारी शिवण असेल तर डांबर आधी तो दोराच कापतं. चांगल्या जॅकेटात दोन-तीन ओळी असतात आणि एखादी तरी आत दडवलेली. शेवटी खिशातून पॅड काढून वाकवा. जुना फोम कडक होतो नाहीतर भुगा होऊन हाताला लागतो.

मापाला बसलं आणि या सगळ्यातून पास झालं, तर ते जॅकेट उत्तम आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तरीही तुम्ही ते एप्रिलमध्ये घालाल का? २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली, तेव्हा उकाड्यामुळे २४ फेऱ्यांची शर्यत २१ वर आणावी लागली. दुसरा आलेला होर्गे मार्टिन शर्यतीनंतर उष्म्यानं पार गळून गेला होता. जगातले सगळ्यांत तंदुरुस्त रायडर, अंगात छिद्रांचं चामडं, समोरून सुसाट वारा, आणि तरी ही गत. तुम्हाला साताऱ्यातल्या सिग्नलला उभं राहायचंय, मग बँकेत सहा तास काउंटरवर बसायचंय. घामानं पाणी उतरलं की लक्षही उतरतं, आणि ते कुठल्याच जॅकेटनं भरून निघत नाही.

पावसाळा तर तुमच्याकडे मुक्कामालाच असतो. मेढा, बामणोली, पाटण, कोयनानगर, पुढे चिपळूण. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर चामडं सुकतच नाही. ओलं झालं की किलो-दीड किलोनं जड होतं, कपाटात ठेवलं की चार दिवसांत पांढरी बुरशी धरतं. उन्हात टाकलं तर कडक होऊन तडकतं. सावलीत हवेशीर वाळवायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, कंडिशनर लावायचं, सुती कापडात ठेवायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. ज्यांना या निगुतीची आवड आहे त्यांनी खुशाल करावी. नोकरी, घर आणि रोजचा ५० किलोमीटर रस्ता सांभाळणाऱ्या बाईवर मी हे काम लादणार नाही.

आता सासूबाईंचं. तुम्ही 'मन राखायला' असा शब्द वापरलाय, जणू त्यांची श्रद्धा एका पारड्यात आणि तुमचा जीव दुसऱ्यात. तुमचा वेग, तुमचा रस्ता, तुमचं हवामान पाहता मी तुम्हाला तसंही कापडाकडेच पाठवलं असतं. घरात माळकरी कुणी नसतं तरीही. त्यामुळे तुम्ही काही सोडून देत नाही आहात. मृदंगाच्या पुडीलाही चामडंच असतं, हा मुद्दा घरातलं तरुण मंडळ पुढे करेल. तो काढू नका. त्यात तुम्ही जिंकलात तरी मिळणार काय? उलट त्यांना जॅकेट दाखवा, पॅड हातात द्या, कोपरावर लावून टकटक करू द्या. रोज निघताना 'पट्टे लावलेस का' असं दारातून विचारणारं माणूस मिळालं तर मोठं काम होईल. मला त्या दिवशी साखरप्याला तसं कुणी विचारायला हवं होतं.

चामडं कुणाला सुचवेन तेही सांगतो, कारण हे सदर वाचणाऱ्यांत तुमच्या दिरांसारखेही आहेत. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी चामडंच घ्यावं, तिथे कापडी जॅकेट नकोच. मोठ्या गाडीवर तासन् तास १२० च्या पुढे राहणाऱ्यांनीही. पण महाराष्ट्रात तसा रस्ता दुचाकीला आहे कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी, समृद्धीवर बंदी. ३५० सीसीची गाडी आपल्या राज्यमार्गांवर ७०-८० नं चालते, आणि त्या वेगासाठी आजचं चांगलं कापड पुरेसं आहे.

'चांगलं' कसं ओळखायचं? इथे बहुतेकजण फसतात. जॅकेटच्या टॅगवर ठळक 'सीई' ही युरोपीय नियमांची खूण असते. बहुतेक वेळा ते प्रमाणपत्र फक्त आतल्या पॅडचं असतं, जॅकेटच्या कापडाचं आणि शिवणीचं नव्हे. जॅकेटची स्वतःची चाचणी झाली असेल तर आतल्या लेबलवर ईएन १७०९२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि त्यापुढे ए, एए किंवा एएए लिहिलेलं असतं. एएए सर्वांत वरचं. तुमच्यासाठी एए मिळालं तर उत्तम, जाळीच्या जॅकेटात बऱ्याचदा ए मिळतं आणि रोजच्या वेगाला ते चालेल. लेबलच नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा. तो 'मॅडम, सगळं सीई आहे' म्हणाला तर पुन्हा विचारा, पॅडचं की जॅकेटचं?

पॅड खिशातून बाहेर काढा. त्यावर मोटारसायकलवाल्याचं छोटं चित्र, ईएन १६२१-१ आणि १ किंवा २ हा दर्जा कोरलेला असतो. दर्जा १ च्या पॅडमधून चाचणीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे बल मोजायचं एकक) दणका आत गेलेला चालतो, दर्जा २ मध्ये २० पर्यंतच. शेजारी 'टी+' असेल तर ते ४० अंश उष्णतेतही तपासलेलं आहे. आपल्या उन्हाळ्यासाठी हे पाहाच, कारण काही पॅड उकाड्यात नको तितके मऊ पडतात. आणि पाठीचा कप्पा उघडा. पुष्कळ जॅकेटांत तिथे नुसता पातळ फोम भरलेला असतो, पॅडसारखा दिसणारा. त्याच्या जागी ईएन १६२१-२ चं खरं पाठीचं पॅड वेगळं विकत घेऊन घालावं लागतं.

मग जॅकेट घालून दुकानाबाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीवर बसा. उभं राहून आरशात पाहू नका. हँडल धरल्यावर कोपराचं पॅड कोपरावर आहे का, पाठ उघडी पडते का, पट्टे आवळल्यावर दुसऱ्या हातानं पॅड ओढून फिरवता येतं का, हे पाहा. फिरत असेल तर एक साइज लहान मागा. बायकांच्या मापाची जॅकेटं आता आपल्याकडच्या कंपन्याही काढतात. दुकानात नसेल तर मागवून घ्या, आठवडाभर थांबा. मी थांबलो नव्हतो.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुमच्या अख्ख्या पत्रात हातमोजे नाहीत, पँट नाही, बूट नाहीत. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि गाडी पडते ती पायावर. बँकेत पाय महिनाभर प्लॅस्टरमध्ये असला तरी निभेल, दोन्ही तळहात सोललेले असतील तर स्वतःचा चमचाही धरता येत नाही. तुमचे २०,००० एकट्या जॅकेटवर घालवू नका. ८ ते ९ हजारांत ठीक जाळीचं जॅकेट बसवा, दोनेक हजार पाठीच्या पॅडला, दोन-अडीच हजार हातमोज्यांना. हातमोजे बोटांच्या गाठींवर कडक कवच आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाशी घसरणारा गुळगुळीत तुकडा असलेले घ्या. बाजारातले बरेच हातमोजे बकरीच्या चामड्याचे असतात, तेव्हा घेताना विचारा. कापडी आणि मायक्रोफायबरचेही चांगले मिळतात. उरलेल्या पैशांत गुडघ्याला आणि कमरेला पॅड असलेली, बाजूला पूर्ण लांबीची चेन असलेली पँट घ्या. ती सलवारीवरून चढते आणि बँकेच्या खोलीत दोन मिनिटांत उतरते. ओढणी मात्र जॅकेटच्या आत, चेन लावून. बूट पुढच्या पगाराला, पण तोवर सँडलऐवजी घोटा झाकणारे जाड बूट घाला. हेल्मेटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणजे ते आहे असं धरतो. ते पाच वर्षं जुनं किंवा कधी आपटलेलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ते बदला.

जॅकेटच्या आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट नको, सुती घाला. वरचं कापड तापलं तरी सुती धागा वितळून अंगाला चिकटत नाही. दिरांची भीती बरीचशी इथेच मिटते. पावसात जॅकेटच्या आत लावायचं प्लॅस्टिकी अस्तर देतात, त्याचा मला कधीच उपयोग झाला नाही. बाहेरची जाळी पाणी पिते, वाऱ्यानं गार पडते आणि घाटात दात वाजतात. त्यापेक्षा सगळ्याच्या वरून घालायचा भडक पिवळा किंवा नारिंगी रेनसूट घ्या. धुक्यात कुंभार्ली चढताना मागच्या ट्रकला तुम्ही दिसाल.

दिरांचं जॅकेट परत करताना ते तुमच्या मापाचं नाही एवढंच सांगा, ते बहुधा खरंही असेल. आणि जमलं तर नव्या जॅकेटच्या खरेदीला त्यांनाच बरोबर न्या. शिवण ताणून बघायला आणि दुकानदाराशी बोलायला हौशी माणूस बरोबर असलेला बरा. या शनिवारी बँकेला सुट्टी असेल तर तेव्हाच जा. जाताना गाडीनंच जा, म्हणजे बसून बघता येईल.